रुमाल टाकून धरलेली जागा

पत्र थोडक्यात असं:

पत्रलेखक 23 वर्षांचा, हिंगोली जिल्ह्यातला. पुण्यातल्या एका विद्यापीठात एम. ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहात दोघांची खोली मिळालीय. दुसरा मुलगा सिंधुदुर्गातला, अबोल आणि अभ्यासू. यंदा पत्रलेखकाचा मामेभाऊ त्याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला आला, पण वसतिगृहाच्या यादीत त्याचं नाव लागलं नाही. ‘आठ दिवसांत बाहेर खोली बघतो’ म्हणून आलेला हा भाऊ गेले चार महिने दोन कॉटच्या मधे गादी टाकून झोपतो. होस्टेलच्या भाषेत, ‘पॅरासाईट’. मामांनी हळद विकून पत्रलेखकाच्या बी. ए.ची फी भरली होती, त्यामुळे त्याला ‘आता नीघ’ म्हणवत नाही. गावाकडे मामा समजतात, पोराला होस्टेल लागलं. रूममेट आधी काही बोलला नाही. हल्ली तो बोलतच नाही. मागे रेक्टरांनी रात्री अचानक खोल्या तपासल्या तेव्हा भावाने ती रात्र रीडिंग हॉलमध्ये काढली. खोलीत अभ्यास होत नाही आणि रीडिंग हॉलला जागा मिळत नाही, म्हणून पत्रलेखक पहाटे सहाला जाऊन दोन खुर्च्या धरून येतो. लघुप्रबंधाचा विषय हिंगोलीतला हळदीचा बाजार, ‘पण आमच्या लायब्ररीचा काही उपयोग नाही, सगळं जुनंच आहे’. शिवाय भावाने त्याच्या कार्डावर नेलेलं एक पुस्तक हरवलंय. प्रश्न असा: भावाला बाहेर काढू, की रूममेटला समजावू?

*

तुझ्या वयाचा माझा भाचा आहे, म्हणून सरळ अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

तुझं पत्र पाच पानी आहे, पण मी अडकले ती एका ओळीपाशी. तू ती सहज लिहून गेलास. ‘भाऊ चपला नेहमी आत घेतो, माझ्या कॉटखाली सरकवतो, म्हणजे दाराबाहेर तीन जोड दिसत नाहीत.’ चार महिने, रोज. तू उपकारांबद्दल लिहिलंस, रूममेटच्या तोंड फिरवण्याबद्दल लिहिलंस, रेक्टरांबद्दल लिहिलंस. भावाला काय वाटतं हे मात्र पाच पानांत कुठेच नाही. त्याला एकदा तरी विचारलंस का? एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा रोज स्वतःच्या चपला लपवतो आणि मजल्यावरची पोरं त्याला गमतीने ‘पॅरासाईट’ म्हणून हाक मारतात. हा शब्द पुण्याच्या होस्टेलांमधून वर्षानुवर्षं चालत आलाय. माझ्या वेळीही होता, आणि आम्हीही हसतच म्हणायचो. ज्याला म्हणायचो तोही हसायचा. तो का हसायचा हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आता तुझ्या प्रश्नाकडे. ‘भावाला काढू की रूममेटला समजावू’ असं तू विचारतोस. दोन्हींमध्ये तू एक गोष्ट धरूनच चाललायस: खोली तुझी आहे, आणि कुणाला ठेवायचं ते तू ठरवणार. तसं नाहीये रे. तुला मिळालीय ती एक कॉट, एक कपाट, एक टेबल आणि निम्मी खोली, तीसुद्धा वर्षभरापुरती. दोन कॉटच्या मधली जी जमीन आहे तिच्यात अर्धा वाटा त्या सिंधुदुर्गातल्या मुलाचा आहे. उपकार झाले तुझ्यावर, आणि त्यांची फेड चाललीय त्याच्या झोपेतून. त्याने तर तुझ्या मामांना पाहिलेलंही नाही.

‘सुरुवातीला त्याने हरकत घेतली नाही’ असं तू दोनदा लिहिलंयस. तू विचारलंस कधी आणि कसं, ते आठवून बघ. भाऊ दारात बॅग घेऊन उभा, हातात आईने दिलेला डबा, आणि तू म्हणालास, ‘आठ दिवस राहील, चालेल ना?’ अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. त्याने आठ दिवसांना होकार दिला होता. पुढचे साडेतीन महिने तू परस्पर घेतलेस. तेव्हा त्याला ‘समजावायचं’ काही शिल्लक नाही. उद्या तो रेक्टरांकडे गेला तर तक्रारखोर ठरवू नकोस, तो त्याच्या हक्कात असेल.

आणि सापडलात तर निस्तरायचं तुलाच आहे. प्रवेशाच्या वेळी तू हमीपत्रावर सही केलीयस. बहुतेकांप्रमाणे न वाचता केली असशील. ते काढून वाच. अनधिकृत माणूस ठेवल्यास खोली रद्द, दंड, असलं काहीतरी त्यात असतंच. खोली रद्द झाली तर तुम्ही दोघंही रस्त्यावर, मामांचा एक नाही, दोन मुलगे.

एसटीची खिडकी आठवते ना? गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, पिशवी, वेळ पडली तर लहान पोर आत टाकायचं आणि जागा धरायची. दारातून रांगेत चढलेली म्हातारी मग उभी राहते. तुझ्या पत्रात मला असे रुमालच रुमाल दिसले. दोन कॉटच्या मधली गादी हा एक. रीडिंग हॉलमधल्या दोन खुर्च्यांवर ठेवलेली पाण्याची बाटली आणि जुनी वही हा दुसरा. ‘रीडिंग हॉलला जागा मिळत नाही’ अशी तक्रार करणारा तू पहाटे सहाला दोन खुर्च्या अडवतोस, त्यातली एक भाऊ दहाला उठून येईपर्यंत रिकामी. त्या चार तासांत कितीजण दारातून डोकावून परत गेले असतील? आणि तेही बाहेर जाऊन म्हणत असतील, लायब्ररीत जागा मिळत नाही.

मी काही वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर वाचनकक्षात फेरी मारून बेवारशी बाटल्या, छत्र्या, कंपासपेट्या गोळा करायच्या, हे माझं काम. एकदा एक डबा शुक्रवारपासून एका खुर्चीवर राहून गेला. सोमवारी कुलूप काढलं तर आजूबाजूच्या आठ खुर्च्याही आपोआप रिकाम्या. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला: माणूस अर्धा तास नसेल तर सामान काउंटरवर, खुर्ची पुढच्याला. पोरांनी आरडाओरडा केला आणि दोन आठवड्यांत सवय झाली. तुमच्या ग्रंथपालांना असा अर्ज द्यायला काय हरकत आहे? उद्यापासून दुसऱ्या खुर्चीवरची वही तेवढी तू उचल, म्हणजे अर्जावर सही करताना हात कापणार नाही.

बरं, भावाचं काय. त्याला ‘काढायचं’ नाहीये, त्याची सोय लावायचीय. यात फरक आहे, आणि तो कामाचा फरक आहे. सोय लावायला कागद लागतात.

पहिलं, तो त्याच विद्यापीठाचा रीतसर विद्यार्थी आहे. म्हणजे वसतिगृहावर त्याचाही हक्क आहे, फक्त पहिल्या यादीत नंबर लागला नाही. प्रतीक्षा यादीत तो कितवा आहे हे कुणी बघितलंय का? पत्रात नाही, म्हणजे बहुधा नाही. जुलै-ऑगस्टमध्ये भरलेल्या खोल्या दिवाळीनंतर थोड्या तरी रिकाम्या होतात. कुणाला नोकरी लागते, कुणी दुसरीकडे प्रवेश घेतो, कुणी सत्र सोडून गावी जातो. त्या जागा मिळतात त्या कार्यालयात जाऊन विचारत राहणाऱ्याला. चपला लपवून बसलेला मुलगा मात्र नेमका त्याच कार्यालयात जायला घाबरतो. म्हणून तू त्याच्यासोबत जा. ‘सध्या कुठे राहतोस’ असं विचारलं तर खोटं बोलू नका. ‘भावाकडे आलोय, सोय झाली नाही’ एवढं म्हटलं तरी पुरे. काही ठिकाणी पैसे भरून थोड्या दिवसांसाठी पाहुणा ठेवायची परवानगी मिळते; तीही विचारा. रेक्टर हा माणूस रात्री टॉर्च घेऊन फिरतो तेवढाच आपल्याला दिसतो, पण दिवसा बहुधा तो कुठल्यातरी विभागात शिकवत असतो आणि अशा मुलांच्या अडचणी त्याला नव्या नसतात.

दुसरं, पैसे. तुझा भाऊ कोणत्या प्रवर्गातला हे तू लिहिलं नाहीस, मला सांगायची गरजही नव्हती, पण शासनाच्या दारात पहिला प्रश्न तोच येतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मराठा किंवा खुल्या प्रवर्गातला असेल, घर अल्पभूधारक असेल, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता; त्यात त्याचा अभ्यासक्रम बसतो का ते मात्र आधी तपासायचं. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या शहरासाठी भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला 60,000 रुपये ठरलेले आहेत, म्हणजे महिन्याला पाच हजार. एवढ्यात पुण्यात राजवाडा मिळत नाही, पण तीन-चार पोरांत कॉट बेसिसवर राहणाऱ्याला मोठा आधार होतो. उत्पन्नाची मर्यादा, गुणांची अट, अर्जाची मुदत हे सगळं आहेच, आणि पैसे दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडतील अशी आशा धरू नका. पहिले काही महिने उसनवारीवर काढावे लागतील हे धरूनच हिशेब करा. यंदाची मुदत गेली असेल तर पुढच्या वर्षाची कागदपत्रं आत्तापासून: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बोनाफाईड, आधारशी जोडलेलं बँक खातं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारायला मामांना लावा, त्यांना पुण्यातलं काही करता येत नाही म्हणून वाईट वाटत असेल, हे काम त्यांचं.

पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी वसतिगृहंही आहेत. अच्युतराव आपट्यांनी 1955 साली ग्रामीण भागातल्या गरजू मुलांसाठी हे काम सुरू केलं. तिथल्या शिस्तीची आणि कामाच्या तासांची आधी माहिती घ्या. नवीन प्रवेशाच्या हंगामात अर्ज निघतात तेव्हा तयारीत असा. विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना असेल तर त्याचीही चौकशी करा. ग्रंथालयातही त्या योजनेतली मुलं काम करतात. भावाने तिथे रोज दोन-तीन तास पुस्तकं लावली तर चहा-नाश्त्याचा खर्च निघेल आणि ‘रीडिंग हॉलवर झोपलेला पोरगा’ ही ओळखही बदलेल.

शिकायचं तर आधी राहायचं कुठे, हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखला गेला होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 मध्ये पहिलं बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी बोर्डिंगांची रांगच उभी राहिली. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली. हे सांगते ते एवढ्यासाठी की वसतिगृह मागायला तुझ्या भावाला संकोच वाटता कामा नये. ते मागणं या मुलखात नवं नाही.

बोलायचा क्रम मात्र पाळ. आधी रूममेट, भावाला सोबत न घेता. खोलीत नको, खाली टपरीवर चहाला ने. ‘आठ दिवस म्हणालो आणि चार महिने केले, चूक माझी’ इथून सुरू कर, आणि मग थांब. त्याला जे बोलायचं ते बोलू दे, मधे ‘पण मामांनी’ आणू नकोस. शेवटी तारीख त्यालाच सांगू दे. तो कदाचित तुझ्या अंदाजापेक्षा जास्त दिवस देईल; कोकणातली माणसं अबोल आणि हिशेबात कंजूष असतात, हे सगळंच खरं नसतं. त्याने ‘उद्या’ म्हटलं तर उद्या. तेव्हा भावाला आठवडाभर कुठल्या गाववाल्याच्या खोलीवर ठेवता येईल, याची सोय आधीच करून मग चहाला जा.

मग भाऊ. मग मामांना फोन, आणि तो तू करायचास, भावाला करायला लावू नकोस. मामांना खरं कळलं तर ते चिडतील असं तुला वाटतं. मला वाटतं त्यांना वाईट वाटेल ते याचं की पोरगं चार महिने जमिनीवर झोपलं आणि आपल्याला ‘छान चाललंय’ सांगितलं गेलं. ज्या माणसाने हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून, मोंढ्यात भाव पडलेला असताना विकून तुझी फी भरली, त्याला वाईट बातमी ऐकायची सवय आहे.

हळदीवरून तुझ्या लघुप्रबंधाकडे येते, कारण ‘लायब्ररीचा उपयोग नाही’ हे वाक्य मला झोंबलंय. तू ग्रंथालयात खुर्ची मागितलीस, ती मिळाली की बसलास. तिथल्या माणसांना कधी काही विचारलंस? ग्रंथालयशास्त्र शिकताना पहिल्याच आठवड्यात एस. आर. रंगनाथनांची 1931 ची पाच सूत्रं पाठ करावी लागतात. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. संदर्भ विभागात बसलेला माणूस त्यासाठीच पगार घेतो. सकाळी गर्दीत नको, दुपारी तीनच्या सुमाराला जा आणि विषय दोन वाक्यांत सांग.

‘हिंगोली’ टाकून कॅटलॉगमध्ये काही सापडलं नाही म्हणतोस. कसं सापडेल? हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधीचं सगळं ‘परभणी’ खाली आहे. 1956 पूर्वीचं हवं तर हैदराबाद राज्याच्या कागदांत, त्याही आधीचं निजामाच्या संस्थानाच्या. आणि तुमच्या जिल्ह्यातलं वसमत इंग्रजीत ‘व’ने शोध तसं ‘ब’नेही शोध, जुन्या सरकारी कागदांत ते बसमत आहे, शेवटी ‘टी’ की ‘टीएच’ हाही घोळ आहे. ‘सगळं जुनंच’ ही तुझी तक्रार, आणि बाजाराचा अभ्यास करणाऱ्याला जुनंच तर हवं असतं! वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने भावात काही फरक पडला का हे बघायला आधीची वर्षं लागणारच.

‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच. डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. प्रबंध उघडलास की आधी शेवटची संदर्भसूची वाच, तुझं निम्मं शोधकाम कुणीतरी करून ठेवलेलं असतं. शेतीचे प्रबंध ‘कृषिकोश’वर बघ, परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या मुलांनी हळदीच्या खर्च-विक्रीवर केलेलं कामही तिथे शोध. इंग्रजी जर्नलं लागली तर 1 जानेवारी 2025 पासून केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू आहे, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली झालीयत. विद्यापीठाच्या वायफायवर ती उघडतात का बघ आणि बाहेरून वापरायला लॉगिन मिळतं का ते ग्रंथालयात विचार. ते मिळालं तर पहाटे सहाला बाटली ठेवायची गरज निम्म्याने कमी होईल, कारण लेख तू मेसच्या रिकाम्या टेबलावरही वाचू शकशील. आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी पुण्यात राहून गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात एकदाही गेला नाही, असं करू नकोस. आपल्या ग्रंथपालांचं ओळख करून देणारं पत्र घेऊन जा, आत बसून वाचायला काय नियम आहेत ते तिथे कळेल.

बाकी माहिती वसमतच्या मोंढ्यात आहे. बाजार समितीच्या आवक-भावाच्या नोंदी, अडत्यांची कमिशनं, सांगलीला माल नेला तर वाहतूक किती पडते. हे सगळं ज्याला तोंडपाठ आहे तो सध्या तुझ्या कॉटशेजारी जमिनीवर झोपतो. फेब्रुवारीत हळद निघेल तेव्हा त्याला घेऊन गावी जा.

मुलींची पत्रं वेगळी येतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. रीडिंग हॉल रात्री उशिरापर्यंत उघडा आणि मुलींच्या वसतिगृहाचं फाटक त्याआधीच बंद, ही तक्रार मला दर वर्षी कुठून ना कुठून येते. एकटीने वॉचमनशी भांडू नका. ग्रंथालयाची वेळ आणि फाटकाची वेळ दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहा, दहा-पंधरा जणींच्या सह्या घ्या, एक प्रत ग्रंथपालांना, एक रेक्टरांना, आणि दोन्ही प्रतींवर पोच घ्या. दोघांपैकी एकाला तरी वेळ बदलावी लागते, नाहीतर वसतिगृहातच अभ्यासिका द्यावी लागते.

राहिलं हरवलेलं पुस्तक. भावाला कार्ड दिलंस ती चूक झाली. त्याचं स्वतःचं कार्ड निघतं, ते आधी काढून घ्या. पुस्तक हरवल्याचं उद्याच लेखी कळव. तेच पुस्तक बाजारात मिळत असेल तर आणून देता येतं का विचार, अनेक ठिकाणी चालतं आणि ते दंडापेक्षा स्वस्त पडतं. आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत आधी बघ, जुनी प्रत मिळेल. पैसे भरावे लागले तर पावती जपून ठेव. जूनमध्ये ना-देय दाखला घ्यायला जाशील तेव्हा तीच मागतील.